जळण भरून ठेवलेलं घर

हार्वर्ड स्क्वेअरमधून नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीचं नाव डन्स्टर स्ट्रीट आहे. लेकीकडे सहा महिने राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्या पाटीखाली उभी राहून मी तिला विचारलं, हा कोण? "असेल कुणीतरी देणगीदार," ती म्हणाली आणि कॉफी आणायला गेली. तिचं चुकलं नव्हतं. इथे बाकापासून ग्रंथालयापर्यंत सगळ्यावर देणगीदारांचीच नावं असतात. पण याचं नाव देणगीमुळे लागलेलं नव्हतं. देणगी दिली जॉन हार्वर्डने, म्हणून विद्यापीठाला त्याचं नाव. हेन्री डन्स्टर राबला, म्हणून त्याच्या वाट्याला एक गल्ली आणि पुढे नदीकाठचं एक वसतिगृह. जॉन हार्वर्डच्या पुतळ्याचा बूट घासून घासून लोकांनी चकचकीत केलाय. डन्स्टरच्या पाटीकडे कुणी मान वर करूनही बघत नाही.

मीही बघितलं नसतं. पण नोव्हेंबरात इथे साडेचारला अंधार पडतो. लेक आणि जावई सातला येतात. मधले अडीच तास काढायला मी पब्लिक लायब्ररीत जायला लागले, आणि तिथे या माणसाने १६५४ च्या नोव्हेंबरात लिहिलेला एक अर्ज माझ्या हाती लागला. अर्ज घर लगेच सोडायला लावू नका म्हणून केलेला. तो वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बाहेरच्या अंधाराकडे बघत बसले. का, ते सांगते. पण आधी हा माणूस.

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३६ साली कॉलेजसाठी चारशे पौंड मंजूर केले, तेव्हा बोस्टनच वसून जेमतेम सहा वर्षं झाली होती. आसपास जंगल, लोकांना पोटापुरतं धान्य पिकवायची मारामार, आणि यांना कॉलेज हवं. का, तर इंग्लंडातून आलेले धर्मोपदेशक म्हातारे होऊन मरतील, मग व्यासपीठावर अडाणी माणसं चढतील, ही भीती. १६३८ मध्ये तरुण जॉन हार्वर्ड क्षयाने गेला. त्याने निम्मी इस्टेट आणि चारेकशे पुस्तकं कॉलेजला दिली. तोवर कॉलेज सुरू झालं होतं, आणि त्यावर नॅथॅनिएल ईटन नावाचे मास्तर नेमलेले होते.

हे ईटन मास्तर म्हणजे एक प्रकरणच. आपल्या मदतनिसाला त्यांनी दोन माणसांकरवी धरवून अक्रोडाच्या सोट्याने झोडपलं. सोटा घोड्याचा जीव जाईल एवढा जाड होता, अशी नोंद खुद्द गव्हर्नर विन्थ्रॉपने करून ठेवली आहे. मुलांच्या जेवणाचं खातं ईटनबाईंकडे. चौकशी बसली तेव्हा बाईंनी जबाब दिला, तो आजही वाचायला मिळतो. मासे आतडी न काढता वाढले, मक्याच्या लापशीत शेळीच्या लेंड्या निघाल्या, बिअर वेळेवर नव्हती, अशा तक्रारी. लेंड्यांबद्दल बाई म्हणतात, मला यातलं काही ठाऊक नाही, पण माझ्या घरात असं घडलं याची लाज वाटते. होस्टेलच्या मेसमध्ये जेवलेल्या कुणालाही हा जबाब ओळखीचा वाटेल. १६३९ मध्ये ईटनला काढलं आणि कॉलेजला कुलूप लागलं. अमेरिकेतलं पहिलं कॉलेज पहिल्यांदा बंद पडलं ते असं.

वर्षभराने ऑगस्टमध्ये डन्स्टर बोटीतून उतरला. इंग्लंडात लँकेशरमधल्या बरी गावचा, तिकडच्याच केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजातून एम. ए. झालेला, गावच्या शाळेत शिकवलेला. वय तीस. उतरून तीन आठवडे होतात न होतात तोच २७ ऑगस्ट १६४० ला त्याच्या गळ्यात कॉलेज घातलं. 'मास्तर' हा शब्द ईटनने बाटवला होता, म्हणून की काय, याला 'प्रेसिडेंट' म्हणायचं ठरलं. आपण प्राचार्य म्हणू. पण आपल्या प्राचार्यांना कारकून, शिपाई, विभागप्रमुख असतात. याला यातलं काही नव्हतं. शिकवायला तोच, इमारत पुरी करून घ्यायला तोच, फी वसूल करायला तोच.

वेळापत्रक छापलेलं आहे. सोमवारी नि मंगळवारी आठला पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र, नऊला दुसऱ्या वर्षाला नीतिशास्त्र, दहाला तिसऱ्या वर्षाला अंकगणित आणि भूमिती. बुधवारी ग्रीक. गुरुवारी हिब्रू, खाल्डी, सीरियाक, कारण पूर्वेकडच्या भाषा हे त्याचं वेड होतं. शुक्रवारी वक्तृत्व. शनिवारी धर्मशास्त्र, आणि दुपारी हिवाळ्यात इतिहास, उन्हाळ्यात वनस्पती. उन्हाळ्यात वनस्पती! हिवाळ्यात इथे झाडांवर पानच नसतं, हे मला आत्ता खिडकीतून दिसतंय, त्यामुळे ती ओळ वाचून उगाच हसू आलं. बाकी नियम कडक. त्यातला एक असा की कॉलेजात मातृभाषेत बोलायचं नाही, बोलायचं ते लॅटिनमध्ये. म्हणजे इंग्रजी बोललं म्हणून हार्वर्डमध्ये मुलांची कानउघाडणी होत होती. आपल्याकडे मराठी बोललं म्हणून दंड लावणाऱ्या शाळांच्या नोटीस बोर्डावर हे डकवायला हवं.

फी पैशांत क्वचितच येई. नाणीच नव्हती. गहू, माल्ट, लोणी, मेंढी, सरपण असं काय काय कारभाऱ्याच्या वहीत जमा आहे. १६४४ पासून घराघरातून पाव बुशेल (बुशेल हे तिथलं धान्याचं माप) धान्य कॉलेजसाठी मागितलं जाऊ लागलं. हे सक्तीचं नव्हतं, पण न दिलं तर शेजारी बघणार. आमच्याकडे रयतच्या वसतिगृहांसाठी कर्मवीरांनी मूठमूठ धान्य गोळा केलं, त्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही, जरी दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी. बोस्टन ते चार्ल्सटाउन नावेचं उत्पन्नही कॉलेजला लावून दिलं होतं. तिथेही गंमत. लोक भाडं शिंपल्याच्या मण्यांत द्यायचे, कारण तेच चलन होतं, आणि फुटके, रद्दी मणी नेमके नावाड्याच्या गळ्यात मारायचे. डन्स्टरला त्याबद्दल सरकारकडे गाऱ्हाणं घालावं लागलं. सकाळी हिब्रू शिकवायची आणि दुपारी मणी मोजायचे.

१६४२ मध्ये पहिल्या नऊ मुलांना पदव्या मिळाल्या. त्याआधीच त्याचं लग्न झालं होतं, एलिझाबेथ ग्लोव्हर या विधवेशी. तिचा पहिला नवरा इंग्लंडहून छापखाना घेऊन निघाला आणि बोटीवरच वारला. बाई, मुलं आणि छापखाना किनाऱ्याला लागले. लग्नानंतर छापखाना डन्स्टरच्या ताब्यात आला. इंग्रजांच्या अमेरिकेतला तो पहिला छापखाना. दोन वर्षांत ही एलिझाबेथ गेली. मग दुसरी एलिझाबेथ आली, आणि तिला मुलं झाली. पहिलीच्या मुलाने पुढे इस्टेटीवरून डन्स्टरवर दावा लावला. घरोघरी मातीच्या चुली.

त्याने केलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट एक कागद आहे. ३१ मे १६५० ची सनद. प्राचार्य, खजिनदार आणि पाच सदस्य अशा सात जणांचं मंडळ, त्यांच्या नावावर कॉलेजची मालमत्ता, आणि 'इंग्रज व इंडियन मुलांना' शिकवण्याचा उद्देश. हार्वर्ड आजही त्या सनदेवर चालतं. एखादी संस्था माणसांच्या मर्जीवर न चालता कागदावर उभी राहावी यासाठी त्याने खटपट केली, आणि चार वर्षांनी माणसांच्या मर्जीने तोच बाहेर पडला. अभ्यासक्रम तीनाचा चार वर्षांचा करण्याचा हट्टही त्याचाच. त्यावर काही मुलं रागावून पदवी न घेताच निघून गेली. हट्टी होताच तो, हे विसरून चालणार नाही.

आता भांडणाचं मूळ. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याला चर्चमध्ये न्यायचं आणि पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायचा, ही तिथली रीत. डन्स्टरचं म्हणणं असं की बाप्तिस्मा ज्याला पश्चात्ताप कळतो, विश्वास कळतो, त्यालाच द्यावा. दुपट्यातल्या बाळाला काय कळतं? आपल्याला वाटेल, एवढंच ना? पण बालबाप्तिस्म्याला विरोध करणारे म्हणजे ॲनाबॅप्टिस्ट, आणि त्या नावासरशी लोकांना शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत म्युन्स्टर शहरात झालेलं बंड आणि रक्तपात आठवे. वसाहतीने १६४४ मध्येच अशा लोकांना हद्दपार करण्याचा कायदा केला होता. १६५१ मध्ये ओबदाया होम्स नावाच्या बॅप्टिस्टाला, म्हणजे याच मताच्या माणसाला, बोस्टनमध्ये तीस फटके मारले. आणि सगळ्या वसाहतीचे धर्मोपदेशक जिथे घडायचे, त्या कॉलेजचा मुख्यच उद्या हे म्हणू लागला तर? त्यांची घाबरगुंडी उडाली, यात मला तरी नवल वाटत नाही.

१६५३ च्या शरदात डन्स्टरला मुलगा झाला. त्याने त्याला बाप्तिस्म्याला नेलं नाही.

गावचा पाळक होता जोनाथन मिचेल, वय एकोणतीस, डन्स्टरचाच विद्यार्थी. गुरूला समजवायला तो त्याच्या घरी गेला. आणि परतला तो हादरून. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की तिथून आल्यावर माझ्याही मनात शंका घोळू लागल्या, कदाचित यांचंच बरोबर असेल असं वाटू लागलं. मग त्याने मनाशी ठरवलं की सज्जनांनी मानलेली गोष्ट सोडायची तर डोंगर हलवेल एवढा भक्कम युक्तिवाद हवा. तेवढा नसेल तर जागचं हलायचं नाही. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा मिचेल. आपल्यातले बहुतेक जण असेच नाही का? पटतं, झोप उडते, आणि मग आपण डोंगराची अट घालतो.

फेब्रुवारी १६५४ मध्ये दोन दिवस धर्मोपदेशकांशी वाद झाला. कुणी हटलं नाही. मे महिन्यात जनरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाने, ठराव केला की ज्यांच्या श्रद्धेत खोट आहे अशा माणसांना शिकवायला ठेवू नये. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. नाव न घेता केलेले ठराव कुणासाठी असतात ते त्या माणसाला बरोबर कळतं. जूनमध्ये डन्स्टरने राजीनामा दिला. लगेच तो घेतला नाही. विचार करायला वेळ दिला. गप्प बसला असता तर कदाचित निभावलंही असतं. पण ३० जुलैच्या रविवारी चर्चमध्ये कुणाच्या तरी बाळाला बाप्तिस्म्यासाठी पुढे आणलं आणि हा भर सभेत उठून उभा राहिला. म्हणाला, हे ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. थांबवायचा प्रयत्न झाला तरी बोलत राहिला.

मी त्या बाळाच्या आईचा विचार करते. बारशाला आलेला शहाणा माणूस पाळण्यापाशी उभा राहून हे सगळं थोतांड आहे असं सांगू लागला, तर त्या बाळंतिणीने काय करावं? त्याचं खरं असेलही. पण वेळ?

ऑक्टोबरअखेर राजीनामा कायम झाला. घर सोडा, असं सांगण्यात आलं. आणि मग तो अर्ज.

तर्कशास्त्राच्या मास्तराने लिहिलेला अर्ज आहे, मुद्दे पाडलेले. पण मुद्दे बघा. दिवस लहान होत चाललेत, हिवाळा तोंडावर आहे, ही जागा बदलायची वेळ नव्हे. जिथे जायचं ते ठिकाण आम्हाला अनोळखी, तिथे पोट कसं भरायचं ते माहीत नाही. जिथून जायचं तिथे मात्र विस्तव आहे, जळण आहे, माणसांची आणि जनावरांची हिवाळ्याची बेगमी भरून ठेवलेली आहे. हे घर मी कॉलेजच्या प्रेमापोटी स्वतःला तोशीस लावून बांधलंय. आणि शेवटी, मी सोडलो तर घरात सगळ्या बायका-मुलंच. बायको आजारी आहे. धाकटं मूल कित्येक महिने इतकं आजारी आहे की त्याला दाराबाहेर न्यायची आमची छाती होत नाही.

धाकटं मूल म्हणजे तेच, ज्याच्या बाप्तिस्म्यावरून हे सगळं झालं.

आता माझं. आमचे अण्णा कृष्णाकाठच्या एका गावात प्राचार्य होते. कॉलेजच्या आवारातच बंगली, पुढे जास्वंद, मागे पडवी. एका प्राध्यापकाला काढण्याचं संस्थेने ठरवलं, अण्णांना ते अन्यायाचं वाटलं. तसं कार्यकारिणीत बोलून झालं होतं. पण स्नेहसंमेलनाच्या मांडवात, पाहुण्यांसमोर, आभार मानायला म्हणून ते उठले आणि सगळंच बोलून मोकळे झाले. मी दहा वर्षांची होते, पहिल्या रांगेत बसलेली. टाळ्या झाल्या. पोरांनी केल्या. आईने नाही केल्या. ती मांडीवरच्या माझ्या धाकट्या भावाचा स्वेटर नीट करत होती.

पंधरा जूनच्या आत बंगली रिकामी करायची होती. पाऊस त्या वर्षी वेळेवर आला. ट्रकवर ताडपत्री टाकून भांडी, गाद्या, पुस्तकांची खोकी गेली. अण्णांची पुस्तकं आधी, हे सांगायला नकोच. मागच्या पडवीत बंबासाठी आणि चुलीसाठी बाभळीची लाकडं रचलेली होती. दोन बैलगाड्या. आईने उन्हाळ्यात स्वतः उभं राहून फोडून घेतलेली, पत्र्याखाली एकसारखी लावलेली, मधे वाऱ्याला जागा सोडून. ट्रकमध्ये त्यांना जागा नव्हती. नव्या ठिकाणी अण्णा हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले, आणि तो पावसाळाभर आई ओल्या लाकडांशी फुंकणी घेऊन झगडत होती. अण्णांना गावोगाव मान मिळाला. तत्त्वाचा माणूस, असं लोक आजही आम्हाला सांगतात. आईने त्या प्रकरणावर मला उभ्या जन्मात एकच वाक्य ऐकवलं, "बोलायचंच होतं तर खोलीत बोलायचं होतं." लाकडांबद्दल मात्र ती दर पावसाळ्यात बोलायची.

डन्स्टरला एवढं तरी म्हणायला हवं की त्याने जळणाचा मुद्दा कागदावर मांडला. प्राचार्याने, हिब्रूच्या पंडिताने, सरकारला लिहिताना सरपण मोजलं. ते त्याने स्वतःच्या डोक्याने लिहिलं की आतून दुसऱ्या एलिझाबेथने सांगितलं, ते मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. अर्जात तिच्याबद्दल एकच शब्द आहे, आजारी.

त्याच्या जागी आला चार्ल्स चॉन्सी, आणि इथे दैवाने थट्टाच केली. या चॉन्सीचंही बाप्तिस्म्याबाबतचं मत चारचौघांसारखं नव्हतं. शिंपडून भागत नाही, बाळाला पाण्यात बुडवलंच पाहिजे, असं तो मानायचा. पण ते मत इथे पसरवणार नाही असं त्याने कबूल केलं, आणि शंभर पौंड पगारावर प्राचार्य झाला. गप्प राहण्याच्या कबुलीवर तो मरेपर्यंत, सतराएक वर्षं, त्या खुर्चीत होता, आणि चांगला प्राचार्य होता. मला त्याला नावं ठेवता येत नाहीत. लहानपणी आली असती. चॉन्सी आला स्किच्युएट गावाहून, तिथला पाळक होता तो. आणि डन्स्टर प्लिमथ वसाहतीत जाऊन पाळक झाला ते त्याच स्किच्युएटमध्ये. दोघांनी जागांची अदलाबदल केल्यासारखी. थकलेल्या रकमेसाठी डन्स्टरने मागणी केली, त्यावर घासाघीस झाली, हात आखडता घेतला गेला. चर्चमधल्या व्यत्ययाबद्दल कोर्टात बोलावून समजही दिली गेली.

फेब्रुवारी १६५९ मध्ये तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. मृत्युपत्रात त्याने लिहिलं की मला केंब्रिजला, इथल्या, हार्वर्डच्या केंब्रिजला, नेऊन पुरा. म्हणजे जिथून घालवलं तिथेच. आणि चॉन्सी व मिचेल या दोघांचा उल्लेख 'आदरणीय, भरवशाचे मित्र' असा करून त्यांना पुस्तकं ठेवली. रोजनिशीत डोंगराची अट घालणाऱ्या मिचेलच्या हाती ती पुस्तकं पडली तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हे मला राहून राहून वाटतं. अण्णांनी संस्थेच्या कार्यवाहांशी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. कार्यवाह अण्णांच्या तेराव्याला आले होते. आईने त्यांना चहा दिला, साखर किती ते विचारून.

काल सकाळी आईला फोन केला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. तिला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं ओरडून आणि थोडक्यात सांगावं लागतं. सांगितलं, की इथे एक प्राचार्य होता, पावणेचारशे वर्षांपूर्वी, असं असं बोलला, नोकरी गेली, थंडीत घर सोडा म्हणाले.

"लेकरं होती?"

"होती. धाकटं आजारी होतं. पण वाचलं ते, मोठं झालं."

"आणि थंडी केवढी तिकडे. तू सांगतेस ना, बर्फ." मग थोडं थांबून, "जळण बिळण?"

"भरून ठेवलं होतं. तसं लिहिलंय त्याने अर्जात."

"मग? तसंच टाकून गेले?"

"नाही आई. मार्चपर्यंत राहू दिलं त्यांना."

पलीकडे एवढी शांतता झाली की फोन कट झाला असं मला वाटलं.

"मार्चपर्यंत म्हणजे संपलं असेल मग. त्यांच्याच चुलीत," ती म्हणाली. "बरं झालं." आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला.